पाटलांच्या तोंडचं नाव

ही काळी शिळा दिसते ना, भट्टीच्या तोंडाशी लावलेली? लांबूनच बघा, हात लावू नका, चांगली तापली आहे. तिच्या मधोमध एक फिकट डाग आहे, वर रुंद आणि खाली निमुळता. पाऊस पडो, काजळी चढो, तो डाग काही जात नाही. माणसाच्या पाठीएवढा आहे, आणि असं सांगतात की तो माणसाच्या पाठीचाच आहे. माझ्या आजीच्या पाठीचा. भिवराबाई शेलार तिचं नाव.

मी गजरा. गाव मला गजराआक्का म्हणतं. वय पंच्याऐंशी. दात सगळे माझे नाहीत, पण जीभ माझीच आहे. मोरखळ्याच्या या भट्टीवर गेली साठ वर्षं मी केक भाजते. तुम्ही डोंगर चढायला आलात, वास आला म्हणून थांबलात, बरं केलंत. त्या करंजाच्या सावलीत टेका. आत जो केक आहे तो विकायचा नाही, हे आधीच सांगते. या गावात कुठल्याही घरी वाढदिवस असला की केक इथंच भाजतात. तालुक्याला चार बेकऱ्या झाल्यात, काचेच्या कपाटात गुलाबी-निळे केक मांडलेले असतात, पण मोरखळ्यात तो खोका कुणी आणत नाही. आणि केक कापायच्या आधी घरातलं वडीलधारं माणूस एक नाव घेतं. देवाचं नव्हे हो, माझ्या आजोबांचं.

आजचा केक पाटलांच्या घरातला आहे. ते बघा, पांढरा सदरा घातलेले, मघापासून घड्याळात बघतायत ते धैर्यशीलराव पाटील. पुण्याहून आलेत. फुलाफुलांच्या झग्यातली ती त्यांची लेक रेवा, आज सहा वर्षांची झाली. सकाळी आल्या आल्या धैर्यशीलराव मला काय म्हणाले, सांगू का तुमच्यादेखत? म्हणाले, "आक्का, शंभर वर्षं झाली. आता आमच्या घराला यातून मोकळं करा. आज नाव न घेता केक द्या." मी म्हटलं, केक आत गेलाय, आता गोष्ट सुरू होईल, ती संपली की उत्तर देईन. बाकीच्या घरांना गोष्ट ऐकायची सक्ती नाही. पाटलांच्या घराला आहे. केक आत गेला की सुरू करायची, भाजून होईपर्यंत ऐकायची, आणि तीही उभ्यानं. तुम्ही पाहुणे आहात, तुम्ही खुशाल बसा. ते उभे राहतील.

तर पहिल्या मोठ्या लढाईचा काळ. गावचे पाटील होते सुभानराव, म्हणजे या धैर्यशीलरावांचे खापरपणजोबा. सरकारला माणसं हवी होती आणि सुभानरावांना सरकार हवं होतं. घरटी एक माणूस द्या म्हणून त्यांनी दवंडी दिली. अडतीस जण गेले. त्यांत त्यांचा स्वतःचा मुलगा दौलतरावही गेला, ते मात्र खरं, नाही म्हणणार नाही मी. आणि माझा आजा गेला, हैबती. त्याच्या डाव्या डोळ्यात लहानपणापासून फूल पडलेलं, म्हणून त्याच्या हाती बंदूक दिली नाही, लांगरी म्हणून घेतला. पलटणीसाठी चूल पेटवणारा, रोटी भाजणारा, तो लांगरी. जिथं गोळी जाते तिथं लांगऱ्यालाही जावं लागतं, कारण शिपायाला भूक तिथंच लागते.

आजा गेला तेव्हा आजीला सातवा महिना होता. मुलगी झाली. गुरुजींकडून कागद लिहून घेतला, तो फिरत फिरत इराकातल्या बसऱ्याला त्याच्या हाती पडला. उलट टपाली त्याचा निरोप आला, की पोरीचं नाव बसरा ठेव, म्हणजे हाक मारताना मी कुठं आहे ते तुला रोज आठवेल. झालं, ठेवलं. ती माझी आई. साऱ्या तालुक्यात त्या नावाची दुसरी बाई नव्हती.

पुढं त्यांची पलटण नदीकाठच्या एका गावात अडकली आणि चारी बाजूंनी वेढा पडला. चार-पाच महिने म्हणे आत दाणा गेला नाही. घोडी कापून खाल्ली. आपल्याकडचे कित्येक जण ते मांस तोंडाला लावेनात, त्यांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा झाल्या. मूठभर पीठ म्हणजे एक दिवसाचा जीव. त्या दिवसांत बसरा एक वर्षाची झाली. हैबती साहेबाच्या गोवेकर आचाऱ्याकडून केक करायला शिकला होता. त्यानं काय करावं? आपल्या वाट्याचं पीठ तीन दिवस खाल्लं नाही. बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात ते पीठ, चार खजूर आणि गुळाचा खडा घालून, डबा निखाऱ्यात पुरून त्यानं लेकीचा वाढदिवस केला. मोरखळ्याचे जे नऊ जण जवळपास होते त्यांना नखाएवढा नखाएवढा तुकडा वाटला. दौलतरावांनाही दिला, आणि त्यांनी खाल्ला. लक्षात ठेवा हे, धैर्यशीलराव. तुमच्या पणजोबांनी तो तुकडा खाल्ला होता.

त्यानंतर आठवड्यानं वेढ्याबाहेरून पीठ घेऊन एक होडी निघाली आणि अलीकडच्या काठाजवळ गाळात रुतली. पलीकडून गोळ्या चालू. पोती आणायला दोघांना हुकूम झाला, हैबतीला आणि दौलतरावांना. दौलतराव काठावरच्या लव्हाळ्यात शिरले ते शिरलेच. हैबती छातीभर पाण्यातून गेला, डोक्यावर पोतं घेऊन आला, पुन्हा गेला. असं म्हणतात की त्यानं तीन पोती आणली. चौथं आणताना काठाला पाय लागला आणि गोळी लागली. तो पडल्यावर दौलतराव लव्हाळ्यातून बाहेर आले आणि त्याच्या हातातलं पोतं ओढत वर घेऊन गेले. वर साहेबानं काय पाहिलं? चिखलानं माखलेले दौलतराव आणि त्यांच्या हातात पोतं. साहेबानं विचारलं, तू आणलंस? दौलतराव हो म्हणाले. एक अक्षर हो! त्या अक्षरावर त्यांच्या नावानं बिल्ला मंजूर झाला आणि माझ्या आजीला एक छापील कागद मिळाला, की लांगरी हैबती मयत.

हे आजीला कुणी सांगितलं, तर संतू घाडग्यानं. तोही त्याच काठावर होता, एक पाय तिकडं सोडून कुबडीवर घरी आला. हैबतीचा बिस्किटाचा डबा त्यानं जपून आणला, आजीच्या ओट्यावर ठेवला, आणि सगळं सांगून ढसाढसा रडला. हैबतीनं केक कसा केला तेही त्यानं सांगितलं, बघून लक्षात ठेवलं होतं बिचाऱ्यानं. आजी त्या दिवशी रडली नाही. डबा घासून पुसून फडताळात ठेवला. दर वर्षी बसराच्या वाढदिवसाला ती त्या डब्यात केक भाजू लागली. तिला केक म्हणता यायचं नाही, क्याक म्हणायची. लढाईवरून परत आलेली माणसं तो तुकडा खायला न बोलावता यायची.

बिल्ल्यावर आजीचा डोळा नव्हता, हे नीट ऐका. ती म्हणायची, पितळेचा तुकडा आहे, मिरवू दे त्यांना. तिला एवढंच हवं होतं की हैबतीचं नाव कुठंतरी राहावं. आणि तशी वेळ आली. सरकारनं गावाला एक दगड दिला, चावडीपाशी उभा आहे तो. लढाईला गेलेल्यांची नावं त्यावर कोरायची होती. नावांची यादी पाटलांनी द्यायची. दगड उभा राहिला, फुलं वाहिली, गुरुजींनी नावं वाचली. सदतीस. गेलेले अडतीस आणि नावं सदतीस! पाथरवटाला आकडा अडतीस सांगितला होता, म्हणून त्यानं जागा सोडलेली, पण नाव त्याला कुणी दिलंच नाही.

आजी पाच वर्षांच्या बसराला कडेवर घेऊन उभी होती. तिनं भर सभेत विचारलं, "पाटील, माझ्या धन्याचं नाव कुठं हाय?"

सुभानराव हसले म्हणे. म्हणाले, "अगं, दगडावर शिपायांची नावं कोरतात. रोट्या भाजणाऱ्याचं नाव घातलं, तर उद्या पाणक्यासुद्धा नाव मागायला येईल." लोक हसले. पाटील हसले की हसायचं, अशी तेव्हा रीत होती. संतू घाडगे कुबडी आपटत ओरडला, "दौलतराव, बोला की! नदीवर कोण गेलं होतं ते बोला!" त्याला दोघांनी धरून बाजूला नेलं आणि म्हणाले, हा पिऊन आलाय. आजी दौलतरावांकडं बघत राहिली. त्यांनी मान वर केली नाही. तेव्हा तिला कळलं की नाव चुकून गळलेलं नाही. हैबती कसा मेला असं उद्या कुणी विचारू नये म्हणून ते गाळलंय. तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या.

आणि तिथंच, त्या फुलं वाहिलेल्या दगडासमोर, भिवराबाई बोलली. ओरडली नाही, असं सांगतात. शेजारणीशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "सुभानराव, ज्या तोंडानं तुम्ही माझ्या धन्याचं नाव खाल्लं, त्याच तोंडानं ते बाहेर काढावं लागंल. तुमच्या घरात पाळणा हलतोय तोवर. पोराच्या गोड दिवशी, चार माणसांत. आणि नाही काढलं तर त्या दिवशी तुमच्या घरात राखंशिवाय काही शिजणार न्हाई."

एवढं बोलून ती चावडीवरून थेट या माळावर आली. दगड वेचले, माती कालवली आणि आठ दिवसांत ही भट्टी उभी केली. ओढ्यातून ही शिळा चार बैलांनी ओढून आणली. त्या दिवशी पेटवलेला विस्तव आजवर विझला नाही असं म्हणतात. तो न विझायला रोज पहाटे कुणाला उठावं लागतं ते माझ्या गुडघ्यांना विचारा. पण म्हणतात, म्हणू द्या.

आता पुढं ऐका. दौलतरावांचा मुलगा, म्हणजे या धैर्यशीलरावांचे आजोबा, आबासाहेब. ते आणि माझी आई एकाच वर्षीचे. पुढच्या वर्षी आबासाहेबांना सहावं संपून सातवं लागायचं होतं. त्याच दिवशी मोठा साहेब गावात येऊन दौलतरावांच्या छातीवर सगळ्यांसमोर तो बिल्ला लावणार होता. सुभानरावांना कुणीतरी कानात सांगितलं, की साहेबलोकांत पोराच्या वाढदिवसाला केक कापतात, तेवढं केलंत तर साहेब खूश. झालं! पाटलांच्या स्वयंपाकघरात केक करायचं ठरलं. आधी आठ दिवस सराव म्हणून एक केला, तो जळून कोळसा झाला. दुसरा केला, तोही जळाला. तिसऱ्याच्या वेळी बरोबर पुरणपोळ्या टाकल्या, तर त्यासुद्धा एका अंगानं काळ्या. दुधाला करप लागली, भाताला करप लागली. गावात बोलबाला झाला, भिवराबाईचा शब्द लागला म्हणून. सुभानरावांची पाचावर धारण बसली. देवऋषी आणला, लिंबं उतरवली, चुलीचं तोंड फिरवलं, आणि तरी जळायचं ते जळतच राहिलं.

हा चमत्कार म्हणून सांगतात, आणि मीही तसाच सांगत आले. पण आज धैर्यशीलरावांनी मोकळं करा म्हटलंय, तर आतलं सांगते. ती करप सगुणाबाईंनी लावली होती. सगुणाबाई म्हणजे दौलतरावांची बायको, या घरची सून, तुमची सख्खी पणजी. नवरा झोपेत बरळायचा, "हैबती, मी येतो, थांब, येतो." रोज तेच ऐकून ऐकून त्या बाईला सगळं कळलं होतं. सासऱ्यापुढं तोंड उघडायची सोय नव्हती. म्हणून त्यांनी चुलीत लाकडं जास्त सारली, एवढंच. मरायच्या आधी त्यांनी माझ्या आजीला बोलावून हे सांगितलं. आजी म्हणाली, मला पहिल्या पोळीपासून माहीत होतं, बाई. पोळी एका अंगानंच जळते तेव्हा त्यामागं बाईचा हात असतो, देवीचा नव्हे.

असो. साहेब यायला दोन दिवस राहिले आणि पाटलांनी नाइलाजानं माळावर माणूस पाठवला. भिवराबाई म्हणाली, "भाजते की. न भाजायला काय झालं? पण शिळा काढायच्या आधी पाटलांनी नाव घ्यायचं." निरोप ऐकून सुभानराव खुशीत म्हणाले, एवढंच ना, बघू तेव्हाचं तेव्हा. त्यांना वाटलं, बाई माणूस आहे, साहेबाला समोर बघून दबेल.

त्या दिवशी सगळं गाव या माळावर. तिथं, जिथं तुमच्या पिशव्या ठेवल्यात, तिथं साहेबाची खुर्ची. आजीनं हैबतीच्या डब्यात गव्हाचं पीठ, गूळ, तूप, आंबट ताक आणि खजूर घालून केक आत सारला. शिळा लावली आणि पोरीचा हात धरून बाजूला उभी राहिली. तास गेला. खरपूस वास सुटला. आजी म्हणाली, "पाटील, झालाय. घ्या नाव."

सुभानरावांनी न ऐकल्यासारखं केलं. गड्यांना खूण केली, शिळा काढा. तशी भिवराबाई पुढं झाली आणि त्या तापलेल्या शिळेला पाठ लावून उभी राहिली. चोळी चरचरली असं सांगतात. माझी आई तिचा हात धरून होती, ती मरेपर्यंत सांगायची की आईचा हात हलला नाही, नुसता ओला झाला. गडी थबकले. बाईला हात कोण लावणार? आतला वास बदलायला लागला. खरपूस होता तो करपट झाला. साहेब नाक वर करून बघायला लागला. आबासाहेब, सहा वर्षांचं पोर, रडायला लागलं, माझा केक जळतोय म्हणून. सुभानरावांच्या तोंडाला मात्र कुलूप. नातू रडतोय, साहेब बघतोय, समोर एक बाई उभी जळतेय, आणि यांना एक नाव घेववेना! माणसाचा ताठा बघा केवढा असतो.

आजीनं त्या वेळी काय म्हटलं ते सगळं गाव सांगतं. म्हणाली, "मला घाई न्हाई. माझं जळायचं ते लई आधीच जळालंय. तुमचं जळतंय आता."

आणि दौलतराव फुटले. बापाला ढकलून पुढं आले आणि ओरडले, "लांगरी हैबती बिन राणोजी शेलार!" एकदा ओरडले आणि मग थांबता येईना. होडी गाळात रुतली तिथपासून सगळं सांगितलं. लव्हाळं, तीन पोती, चौथं पोतं, एका अक्षराचं ते हो. नखाएवढा केकचा तुकडा खाल्ल्याचंही सांगितलं. गुडघ्यावर बसून सांगितलं.

साहेबाला मराठी येत नव्हतं. त्यानं दुभाष्या कारकुनाला विचारलं, हा काय म्हणतो? कारकून पाटलांच्या पंक्तीला जेवणारा. तो म्हणाला, हुजूर, केक तयार झाला असं म्हणतो. साहेबानं टाळ्या वाजवल्या आणि त्याच माणसाच्या छातीवर बिल्ला लावला! सरकारदरबारी आजही दौलतरावांचंच नाव आहे. म्हणून मला कुणी कागदपत्रं दाखवू नका. मी कागदावर थुंकते.

पण गावानं ऐकलं होतं. आजी शिळेवरून बाजूला झाली. पाठीची सालटं शिळेला चिकटून राहिली, तोच हा डाग. केक बाहेर काढला, वरून तळापर्यंत काळा. तिनं सुरी घेतली, सगळ्यांत काळा तुकडा कापला आणि सुभानरावांपुढं धरला. म्हणाली, "खा." समोर साहेब हसत बघतोय, नाही कसं म्हणणार? सुभानरावांनी तो कोळसा हसत हसत खाल्ला, चावून चावून, गिळून. दात काळे झाले त्यांचे. आजी शेवटच्या घासापर्यंत बघत उभी होती. तिला तेव्हा बरं वाटलं का, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, "लई बरं वाटलं. त्या दिवशी पोटावर उपडी झोपले, पण झोपले."

दुसऱ्या दिवशी सुभानराव स्वतः या माळावर आले. पागोटं काढून हातात घेतलेलं. म्हणाले, झालं गेलं, पाथरवटाला बोलावतो, दगडावर जागा आहे, हैबतीचं नाव कोरून घेतो, पण हे बाकीचं सोड. तुम्हाला काय वाटतं, आजी हो म्हणाली असेल? ज्या नावासाठी एवढं केलं ते दगडावर येत होतं. ती म्हणाली, "दगडावर नको आता. दगड सरकारचा हाय, पावसात झिजंल, कुणी पाडंल, कुणी वाचणार बी न्हाई. तुमच्या तोंडातच ऱ्हाऊ द्या." त्यांनी पाया पडायची तयारी दाखवली. ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

तेव्हापासून पाटलांच्या घरात वाढदिवस आला की केक या भट्टीवर. गोष्ट उभ्यानं ऐकायची, नाव घ्यायचं, आणि पहिला करपलेला तुकडा घरच्या कर्त्या माणसानं खायचा. बाकीच्या गावानं नुसतं नाव घ्यायचं ते आपखुशीनं उचललं, कारण त्या दिवशी हसल्याची लाज होती त्यांना. आजीनंतर माझी आई बसरा इथं उभी राहायची, तिच्यानंतर मी. तिघींपैकी एकीनंही पाटलांना एका वर्षाची सूट दिली नाही. आबासाहेब आमदारकीला उभे होते त्या वर्षीसुद्धा इथं येऊन कोळसा खाऊन गेले, फोटोवाल्यांसमोर.

आता तुमचं उत्तर, धैर्यशीलराव. शंभर वर्षं झाली म्हणता, मोकळं करा म्हणता. खरं सांगू? गेल्या महिन्यात मी विचार केला होता. माझे गुडघे गेलेत, विस्तव राखायला माझ्यामागं कोण आहे? मी नाशिकला लेकाकडं गेले होते. माझ्या नातवाचा वाढदिवस होता. खोक्यातून केक आला, वर साखरेची मोटार. फुंकर मारली, टाळ्या वाजवल्या, कापला. मी म्हटलं, बाळा, खापरपणजोबांचं नाव घेतलंस का? तो म्हणाला, "कोण खापरपणजोबा, आजी?" माझ्या लेकाकडं बघितलं, तर तोही म्हणाला, हैबती... पुढं काय गं, वडिलांचं नाव काय होतं त्यांच्या? माझ्या पोटचा पोर! तो केक मी खाल्ला नाही.

आणि तुमची ही रेवा. सकाळी तुम्ही माझ्याशी बोलत होतात ना, तेव्हा ती त्या डब्यापाशी उभी राहून स्वतःशी पुटपुटत होती. लांगरी हैबती बिन राणोजी शेलार. एक अक्षर चुकलं नाही. मी विचारलं, कुणी शिकवलं गं? म्हणाली, बाबांनी, चुकलं की ओरडतात. मला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, खोटं कशाला बोलू. शेलारांच्या घरातून माझा आजा गेला. उरलाय तो तुमच्या घरात. ज्यांनी त्याला गाळलं त्यांच्याच पोरांना तो पाढ्यासारखा पाठ आहे. आजीनं एवढ्या लांबचं बघितलं होतं का, मला माहीत नाही. तिनं रागानं केलं, आणि माझ्याही पोटात तो राग अजून तसाच आहे. तुम्हाला मोकळं केलं तर तो माणूस पुन्हा मरेल, आणि या खेपेला मी मारलेला असेल. म्हणून मोकळं करत नाही. माझ्यामागं विस्तव कोण राखणार, ते मी ठरवलंय. तुम्ही राखायचा. मी गेल्यावर ही भट्टी पाटलांच्या घराकडं जाईल. गोष्टही तुम्हीच सांगायची, आणि स्वतःच उभ्यानं ऐकायची. यापेक्षा मोठा सूड मला सुचला नाही.

आजही चावडीपाशी तो दगड आहे, उतरताना बघा. सदतीस नावं आहेत आणि खाली एका ओळीची जागा कोरी आहे. तिला हात लावायची आजही कुणाची छाती होत नाही. आणि आजही मोरखळ्यात पोर बोलायला लागलं की आई, बाबा, आजी झालं की चौथं नाव हेच शिकवतात. पाटलांच्या घरात तर तिसरं.

वास येतोय का? बदलायला लागलाय बघा, गूळ कडेनं धरतोय. सरका जरा, मला शिळेपाशी उभं राहू द्या. काही नाही हो, पाठीला पोत्याचं तरट घेते मी, आजीएवढी धमक नाही माझ्यात. हं, धैर्यशीलराव, घ्या नाव.

घेतलंत. बरं झालं. मला ऐकू आलं हो, माझे कान चांगले आहेत. पण बसऱ्यापर्यंत कुठं गेलं? पुन्हा घ्या. मोठ्यानं घ्या.